बटमोगऱ्यासाठी उबेची पेटी

मोगऱ्याच्या काडीला थंडीत मूळ फुटत नाही. मी महापालिकेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवत होते, उष्णतेचा धडा दरवर्षी घेत होते, तरी मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी काही वेगळं केलं असतं असं नाही. डिसेंबर मी निवडला नव्हता, तो माझ्यावर आला होता.

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी माहेरची जमीन बिल्डरकडे गेली. मखमलाबादच्या बाजूला दीड एकर. आई त्यात भाजी करायची, फुलं करायची, आणि सकाळी टोपली घेऊन बाजारात बसायची. वडील लवकर गेले, आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. मागे आम्ही दोघंच, मी आणि माझा मोठा भाऊ. त्याला मी दादा म्हणते. बिल्डरच्या वकिलानं दादाला सांगितलं, बहिणीची हक्कसोड पाहिजे. म्हणजे जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीनं भावाला सोडला असं लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. आमच्याकडे बहिणी करतातच ही सही. जी करत नाही तिचं नाव लोक जरा वेगळ्या आवाजात घेतात.

मी केली. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात बाकावर दोन तास बसून, नंबर लागल्यावर आत जाऊन, अंगठा दिला, फोटो काढू दिला, सही ठोकली. तुला काय वाटतं, असं दादानं मला विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. बाहेर आल्यावर आमचे चुलते म्हणाले, "बहीण असावी तर अशी." आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. एवढी मी शहाणी. दुपारी वहिनीनं पुरणपोळी केली, माझी ओटी भरली, डाळिंबी रंगाची साडी दिली. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच की आवळा घेताना मी हसत होते.

जेवताना दादा म्हणाला की महिन्याभरात जेसीबी येईल, घर, विहिरीवरची खोली, मागची मोरी, सगळं सपाट करायचं आहे. मी हात धुवायला मागे गेले. मोरीच्या पाण्यावर आईचा बटमोगरा होता, कमरेएवढा, जुन्या लाकडाचा. थंडीमुळे पानं पिवळी पडलेली, कळी एकही नाही. पण उन्हाळ्यात त्याला वाटाण्याएवढ्या गच्च कळ्या यायच्या आणि आई त्या ओल्या फडक्यात बांधून बाजारात न्यायची. विकून उरलेल्या माझ्या वेणीत. माझ्या सगळ्या शाळेला त्या मोगऱ्याचा वास आहे.

आता कुणीही म्हणेल, मग दादाला सांगायचं की, मला ते झाड पाहिजे. सांगायचं की! पण आईनंच शिकवलं होतं, माहेरी जावं, खावं, चार दिवस राहावं, पण मागू नये. मागितलं की माहेर परकं होतं. त्यात मी सकाळीच सही केलेली. लगेच मोगरा मागितला तर वहिनीच्या मनात येणार, आज मोगरा म्हणतेय, उद्या काय म्हणेल कोण जाणे. म्हणून मी नळ सोडून ठेवला आणि पाण्याच्या आवाजात पटापट काड्या मोडल्या. आईनं लावलेल्या झाडाच्या काड्या मी चोरून मोडल्या. पंचवीस होत्या. रुमाल ओला केला, त्यात गुंडाळल्या आणि पिशवीत नव्या साडीखाली दडवल्या. दादा मला स्टँडवर सोडायला आला तेव्हा पिशवी मी घेतो म्हणाला, तर मी दिली नाही.

सिडकोतल्या आमच्या घरी गॅलरीत दहा काड्या कुंडीत खोचल्या, बाकीच्या ओल्या रुमालासकट फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्या. त्या वर्षी थंडी अशी की निफाडकडं दव गोठल्याची बातमी रोज पेपरात. आठ दिवसांत दहाच्या दहा काड्या काळ्या. मग मी गंगापूर रोडच्या एका नर्सरीत जाऊन तिथल्या म्हाताऱ्या माळ्याला विचारलं. तो म्हणाला, "बाई, मोगरा पावसाळ्यात लावायचा. नायतर फांदी वाकवून मातीत दाबायची, तीन महिन्यांनी कापायची. आत्ता काडीला खालून ऊब पाहिजे, वर गारवा चालंल. ती ऊब तुम्ही कुठून आणणार?" आणि वर म्हणतो, "दहा रुपयाला रोप देतो की तुम्हाला, तयार."

घरीही सगळे हेच म्हणायला लागले. दहा रुपयाला मिळतो मोगरा. जणू मला बाजार माहीत नव्हता. मला मोगरा नको होता, तो मोगरा हवा होता. बाकी सगळं मी स्वतःच्या हातानं सही करून सोडून बसले होते.

खालून ऊब. बरं. विज्ञानाच्या बाईला एवढं येणार नाही होय? द्राक्षाची एक लाकडी पेटी माळ्यावर पडली होती. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल गणपतीच्या मखरासाठी जपून ठेवलेला असतो, तसा आमच्याकडेही होता. त्याचं मखर दोन वर्षं झालं होतं, चमकी लावलेलं. तो मी सुरीनं कापून पेटीला आतून बसवला. तळाला बल्बचा होल्डर. त्यावर विटांचे चार तुकडे, त्यावर बेकरीतून मागून आणलेला पत्र्याचा ट्रे, ट्रेमध्ये ओली वाळू, वाळूत काड्या. वरून झाकायला काच हवी होती. घरात त्या मापाची काच एकच निघाली, आमच्या लग्नाच्या फोटोची. ती काढली.

आमचे हे ओझरच्या कारखान्यात स्टोअरला होते. सोफ्यावर बसून त्यांनी हे सगळं पाहिलं. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना फार आवडतं.

"शॉक बसून मरशील," ते म्हणाले. "आणि आपला फोटो धूळ खाणार आता."

"मग तुम्ही जोडून द्या वायर."

"मी स्टोअरला आहे गं, इलेक्ट्रिकलला नाही. पण एक सांगू, थंडी पडली की दिंडोरीकडचे बागाईतदार द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवतात. तू पण गॅलरीत एक पेटव. मलाही शेकायला होईल."

वायर मीच जोडली. पहिल्या दिवशी शंभरचा बल्ब लावला, आठ काड्या लावल्या आणि शाळेला गेले. संध्याकाळी येऊन शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर वाळूत खुपसला तर पारा अठ्ठेचाळीसच्या पुढं. काडी हातात घेतली तर साल सरकून बोटाला चिकटली. आमच्या सासूबाई दिंडोरीकडच्या, तोंडानं फटकळ. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "शिजवल्या की गं. मीठ घातलं व्हतं का?"

त्या रात्री मी जेवले नाही. राग त्यांचा नव्हता आला. शंभर वॅटला बंद पेटीत काय होतं हे सातवीच्या पोरांना कळतं आणि मला कळू नये, याचा आला होता. आठ काड्या गेल्या. सात उरल्या.

शंभरच्या जागी चाळीसचा आणला. तीन दिवस आधी नुसती पेटीच चालवून पाहिली, काड्यांशिवाय. काचेखाली कालथा अडकवून फट ठेवली की वाळू सत्तावीसवर थांबते, हे शोधून काढलं. कालथा आडवा ठेवला तर सत्तावीस, उभा ठेवला तर तेवीस. माझ्या पीएफच्या पैशांचाही केला नसेल इतका बारीक हिशेब मी त्या कालथ्याचा केला. मग त्या सात काड्या फ्रिजमधून काढल्या, खालचं टोक तिरकं कापलं आणि देवाचं नाव घेऊन लावल्या.

दुसऱ्याच दिवशी ट्रेच्या भोकातून पाण्याचा थेंब तापल्या बल्बवर पडला आणि बल्ब फुटला. फाट् आवाज झाला, घरातला फ्यूज उडाला, नेमका सासूबाईंच्या मालिकेच्या वेळेला. त्यांनी मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी पत्रा कापून बल्बवर छप्पर केलं. बोट कापलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले.

तेवढ्यात भारनियमन वाढलं. दुष्काळात तेरावा महिना. आमच्या भागात सकाळी तीन तास वीज नाही आणि संध्याकाळी पुन्हा दोन. नेमकी गारठ्याचीच वेळ. पारा बघता बघता पंधरावर यायचा. मग मी सासूबाईंची गरम पाण्याची रबरी पिशवी पेटीत बल्बच्या बाजूला ठेवायला लागले. ती पिशवी त्यांच्या गुडघ्यांसाठी होती. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला पण मूळ फुटंल की जरा ऊब मिळाली तर." मला लाज वाटली. दुसरी पिशवी आणायला मेडिकलमध्ये गेले तर त्याच्याकडे संपलेल्या. थंडी सगळ्यांनाच होती.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला म्हणून माहेरी गेले. मनात होतं की नळ सोडून आणखी दहा-बारा काड्या आणाव्यात. जाऊन पाहते तर घर नाही, मोरी नाही. काळी माती सपाट केलेली आणि तिच्यावर चुन्याच्या रेघा. दादा आणि वहिनी तोवर जवळच भाड्याच्या खोल्यांत राहायला गेले होते. दादा मला जागा दाखवायला घेऊन आला होता, पण आल्यापासून तो फोनवरच, बिल्डरशी. मोरी नेमकी कुठं होती ते मला ओळखूसुद्धा येईना. फोन ठेवून दादा म्हणाला, "बघ, किती मोठी दिसते ना जागा आता?" मी हो म्हणाले. तिळगूळ दिला, गोड बोलले आणि परत आले.

बसमध्ये मी हिशेब केला. आता घरातल्या त्या सात काड्या, बस्स. पृथ्वीवर दुसरीकडे कुठंही आईचा मोगरा नव्हता.

घरी येऊन काच उचलली तर आत दह्याचं पातेलं. थंडीत दही लागत नाही, म्हणून सासूबाईंनी विरजण लावून ते थेट वाळूवर ठेवलं होतं. जागा व्हावी म्हणून काड्या एका कोपऱ्यात दाटीनं खोचल्या होत्या, दोन तर उलट्या. दही मात्र असं लागलं होतं की सुरीनं कापावं.

"अहो आई, हे काय केलंत?" माझा आवाज खालच्या मजल्यावर गेला असणार.

"काय केलं? एवढी ऊब दिवसभर काड्यांला, आन माणसाला दही नाय खायला?"

"त्या काड्या माझ्या आईच्या आहेत."

त्या पातेलं उचलून घेऊन गेल्या. त्यानंतर त्यांनी पेटीला हात लावला नाही. उलट वीज गेली की कुरकुरत का होईना, पिशवी स्वतः भरून आणायच्या. पण उलट्या खोचलेल्या दोन काड्या गेल्या, आणि दाटीत बुरशी धरून आणखी दोन. राहिल्या तीन.

आणि मग यांनी कमाल केली. एक दिवस मला शाळेची सहल होती, घरातून सहाला निघाले. हे साडेसातला ड्युटीला निघाले आणि जाता जाता सवयीनं गॅलरीतलं बटण बंद केलं. दिवसा बल्ब कशाला जळतोय, म्हणे. सासूबाई नेमक्या नणंदेकडे. संध्याकाळी मी आले तेव्हा वाळू हाताला बर्फासारखी लागली.

"दीड महिना झाला तो बल्ब दिवसा जळतोय," मी म्हणाले. "तुम्हाला आज दिसला?"

"अगं, चुकून झालं."

"तुमचं सगळं चुकूनच होतं. लग्नसुद्धा चुकूनच झालं असेल."

"ते मात्र विचार करून केलं होतं," ते म्हणाले आणि हसले. मी हसले नाही. तीन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. डबा द्यायचे, पण ओट्यावर ठेवून. चौथ्या दिवशी त्यांनी बटणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लाल पेननं लिहिलं, हात लावू नये. स्वतःसाठीच लिहिलं होतं बिचाऱ्यांनी. तीनातल्या दोन काड्या तोवर वाळल्या होत्या.

उरली एक. तिचं मी काय काय केलं ते सांगितलं तर लोक हसतील. शाळेतून मधल्या सुट्टीत घरी फोन करून पारा विचारायचे. सासूबाईंना चष्मा लावूनही पारा दिसायचा नाही, त्या अंदाजे सांगायच्या, "हाय हाय, हाय तेवढाच." फेब्रुवारी संपत आला, ऊन तापायला लागलं आणि त्या काडीच्या वरच्या डोळ्यातून एक हिरवा ठिपका बाहेर आला. मी विश्वास ठेवला नाही. काडीत साठलेल्या ओलीवर पान फुटतं आणि मूळ नसतं, असं तो माळी म्हणाला होता. आणखी पंधरा दिवस थांबले. चार पानं झाली. मग दोन बोटांत धरून काडी अगदी हलकेच वर ओढून पाहिली. ती आली नाही. वाळूनं तिला धरून ठेवलं होतं. मी तिथंच गॅलरीत फतकल मारून बसले आणि रडले. सासूबाई म्हणाल्या, "आता कशापायी रडती, जगली ना?"

पुढच्या रविवारी दादा आला. त्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, पत्रिका घेऊन आला होता. मी चहा टाकला. पेटी गॅलरीत तशीच होती, काडी अजून तिच्यातच, चिकटपट्टीही होती. दादानं ते सगळं पाहून विचारलं, हे काय प्रकरण आहे. मी सांगणार नव्हते. पण आमच्या ह्यांना अशी गोष्ट मिळाल्यावर कसचे गप्प बसतात. शिजलेल्या काड्या, फुटलेला बल्ब, गुडघ्याची पिशवी, दह्याचं पातेलं, सगळं रंगवून सांगितलं. रुमालात गुंडाळून आणल्या होत्या हेही सांगितलं. दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याचं हसणं आईसारखं आहे.

मग डोळे पुसत म्हणाला, "अगं खुळे, एवढा उपद्व्याप कशाला केलास? मला सांगायचंस. घर पाडलं त्या दिवशी जेसीबीवाल्यानं तो मोगरा मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट उचलून बाजूला ठेवला होता. दोन दिवस होता तिथं. तुझी वहिनी विचारत होती, कुणाला द्यायचा का. घेणारंच कुणी नव्हतं, मग गेला ढिगाऱ्यात. तू नुसतं म्हणाली असतीस तर टेम्पोत घालून इथं आणून दिला असता. आईचं झाड, तुला नाही द्यायचं तर कुणाला द्यायचं?"

तो खरं बोलत होता. दादाच्या मनात खोट नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्यानं दिलाच असता. दोन दिवस तो मोगरा मुळासकट बाहेर पडून होता आणि मी इथं कालथा आडवा लावू की उभा, हे बघत होते.

मी चहाचे कप घेऊन बाहेर आले. त्याच्या हातात कप दिला आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

"दादा, आणि वाटा मागितला असता तर?"

आमचे हे पत्रिका वाचत होते, ते वाचतच राहिले. सासूबाई आत गेल्या. दादानं बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून कपात पडलं. तो चमच्यानं ते काढत बसला.

"ते वेगळं गं," तो म्हणाला.

अडीच महिने मी बल्बवर चिडले होते, विजेवर चिडले होते, नवऱ्याला घालूनपाडून बोलले होते, म्हाताऱ्या सासूवर ओरडले होते. घरात माझ्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती.

"हो, ते वेगळंच," मी म्हणाले, आणि साखर पुरे का ते विचारलं.